मॉनिटर स्पीकर विकणे आहे

मी जिना चढत होते, तो उतरत होता, आणि त्याच्या हातात माझा स्पीकर होता.

म्हणजे तसा तो अजून माझा झाला नव्हता. पण सकाळी सातला जाहिरात पाहून सव्वासातला मी फोन केला होता. फोनवरच्या बाई म्हणाल्या होत्या, "अकराला या, तुमच्यासाठी ठेवते." आणि आता अकराला पाच कमी होते.

"ओ, थांबा! तो स्पीकर कुठे चालला?"

तो थांबला. स्पीकरच्या वरून फक्त डोळे दिसत होते. झोप न झालेले, वैतागलेले... आणि नको तितके सुंदर.

"खाली जुन्या सामानाचं दुकान आहे. दुकानदार एकगठ्ठा घेतो आणि प्रश्न विचारत नाही."

"मी विचारते. आणि मी फोन केला होता."

"ताईला केला असेल. जाहिरात तिनेच टाकली. दोन दिवसांत नऊ जण येऊन गेले. एकाने विचारलं, लग्नाच्या वरातीत वाजेल का."

"मला वरातीत नाही वाजवायचा."

"मग कोणासाठी हवाय? भावासाठी?"

झालं. त्या एका वाक्याने माझ्या टाळक्यात तिडीक गेली. चार वर्षं मी एका मोठ्या स्टुडिओत काम केलं होतं. नाटकं, कथा, जाहिराती... आवाज कापायचा, जोडायचा, घासूनपुसून लख्ख करायचा. सगळं मी करायचे आणि नाव लागायचं मालकसाहेबांचं. माझं नाव लावा म्हटल्यावर साहेब हसले होते. "मुलींचा गळा चांगला असतो गं, कान नसतो." दुसऱ्या दिवसापासून मी गेले नाही. घरातल्या अडगळीच्या खोलीत स्वतःचा स्टुडिओ थाटायचा, असं ठरवून बसले होते.

"मला भाऊ नाही," मी म्हटलं. "वर चला. मला तो ऐकायचाय."

मी दोन पायऱ्या चढून त्याच्यासमोर उभी राहिले. जिना अरुंद होता. एक तर त्याने मला ढकलून जायचं, नाहीतर मागे फिरायचं. तो माझ्याकडे बघत राहिला... मग पाठमोरा न होता, उलट्या पावलांनी, एकेक पायरी वर चढू लागला.

खोलीत एक लांब टेबल, त्यावर जोडीचा दुसरा स्पीकर, भिंतींना लावलेले फोमचे तुकडे आणि सगळीकडे गुंडाळलेल्या केबली. टेबलावर एक काळा, चपटा डबा होता. कन्व्हर्टर! माइकमधून येणाऱ्या आवाजाचे आकडे करून कॉम्प्युटरला देणारा आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा. या जातीचा कन्व्हर्टर मी फक्त साहेबांच्या काचेच्या कपाटात पाहिला होता.

"हाही विकायचाय ना? जाहिरातीत होता."

"आधी स्पीकर ऐका," तो तुटकपणे म्हणाला.

मी माझं रेकॉर्डिंग लावलं. माझी आत्या मटार सोलतेय, इतकंच. शेंग फुटल्याचा चट् असा आवाज आणि मग स्टीलच्या पातेल्यात दाणे. टण... टणटण. गाणी काय, कुठल्याही स्पीकरवर बरी वाजतात. मटारचे दाणे खोटं बोलत नाहीत.

मी डोळे मिटले. उजवीकडे दाणे पातेल्यात पडत होते. डावीकडे मात्र ते कापसात पडत होते.

"डावा स्पीकर आजारी आहे," मी म्हटलं.

"काहीही! दोन्ही सारखे आहेत."

"डाव्याचा वरचा छोटा पडदा गेलाय. बारीक आवाज येतच नाहीयेत."

"बाई, मी अकरा वर्षं हेच काम करतोय."

"मग अकरा वर्षांच्या अनुभवाने जवळ येऊन ऐका."

तो उठला नाही. मग मीच केबलींची अदलाबदल केली. उजवीची डावीला, डावीची उजवीला. कापूस जागचा हलला नाही, डाव्या खोक्यातच राहिला. म्हणजे दोष खोक्याचा. मी हाताची घडी घालून उभी राहिले.

आता तो उठला. डाव्या स्पीकरसमोर वाकला, आणि वाकता वाकता त्याने मान पूर्ण वळवली. उजवा कान पुढे आणला. बराच वेळ तसाच राहिला. टण... टणटण... आत्या शांतपणे मटार सोलत होती.

"खरंय," तो म्हणाला. अगदी हळू. "किती दिवसांपासून असेल कुणास ठाऊक."

मला तेव्हा कळलं. त्याने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असणार, कारण तो लगेच ताठ झाला.

"आठ महिने झाले. सकाळी उठलो तर डावा कान नव्हता. म्हणजे जागेवर आहे, शोभेला! डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी. आता सांगा बरं, अरेरे, किती वाईट झालं. सगळे सांगतात."

"मी किंमत कमी करा एवढंच सांगणार होते," मी म्हटलं. "तिसरा हिस्सा कमी. पडदा बदलावा लागेल मला."

तो हसला... अगदी मोठ्याने. आतल्या खोलीतून त्याची ताई धावत बाहेर आली. तिच्याकडे पाहिल्यावर मला समजलं, या घरात हा आवाज बऱ्याच दिवसांनी झाला होता.

स्पीकर मी घेतले. कन्व्हर्टरचं मात्र काही जमेना. "त्याची वायर शोधायचीय, परवा या," म्हणाला. परवा गेले, तर म्हणे साफ करायचाय. चार दिवसांनी गेले, तर त्याचं खोकं सापडत नव्हतं. ताई दर वेळी चहा आणून ठेवायची आणि दाराआड जाऊन उभी राहायची.

चौथ्या खेपेला मी सरळ विचारलं, "मास्तर, तुम्हाला तो विकायचाय का नाही?"

स्टुडिओतली माणसं त्याला मास्तर म्हणायची, हे मला ताईने सांगितलं होतं. बऱ्याच दिवसांनी ते नाव ऐकून त्याने मान वर केली.

"तो गेला की संपलं सगळं," तो म्हणाला. "स्पीकर काय, कोणाच्याही घरात असतात. हा फक्त काम करणाऱ्याच्या घरात असतो."

"मग विकू नका. मी घरातल्या अडगळीच्या खोलीत स्टुडिओ थाटतेय, त्याला घेऊन तिथे या. दोघेही."

"आणि तिथे काय करू? एका कानाने?"

"मला काय माहीत! आवाज किती मोठा, किती कडू, किती कोरडा, ते एका कानाने कळतं की नाही?"

"कळतं. कुठून येतो ते कळत नाही."

"कुठून येतो ते मी सांगेन. तुम्ही कसा येतो ते सांगा."

खिडकीबाहेर पाऊस रिपरिपत होता, आणि तो टेबलावर बोटाने हळूहळू ताल धरत होता. त्याचं ते बोट थांबेपर्यंत मी बघत बसले. का बघत बसले, हे मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

"इन्स्पेक्टर," तो शेवटी म्हणाला. डावा स्पीकर पकडल्यापासून त्याने मला हेच नाव ठेवलं होतं. "तुमची खोली केवढी आहे?"

खोली दहा बाय आठ. एका बाजूला जुन्या गाद्या उभ्या केलेल्या, दाराला गोधडी, आणि कोपऱ्यात आत्याची शिलाई मशीन, कारण ती हलवायला आत्याने साफ नकार दिला होता. मास्तर आला, खोलीच्या मधोमध उभा राहून त्याने एक टाळी वाजवली आणि मान तिरकी करून ऐकलं.

"मशीन राहू द्या," तो म्हणाला. "त्या कोपऱ्यात आवाज घुमतो, ती मोडतेय त्याला."

आत्या त्या क्षणापासून त्याच्या बाजूची झाली.

मग आम्हाला पहिलं मोठं काम मिळालं. एका प्रकाशिकाबाईंना एक कादंबरी आवाजात आणायची होती, दहा भागांत. वाचणार होत्या एक वयस्क अभिनेत्री. पहिला भाग नमुना म्हणून करून द्यायचा होता. रोज दहाला मास्तर यायचा. मी दोन्ही स्पीकर लावून ऐकायचे, तो सगळा आवाज एकाच स्पीकरमध्ये आणून ऐकायचा, आणि मग आम्ही भांडायचो.

सगळ्यात मोठं भांडण श्वासावरून झालं. त्याने अभिनेत्रीबाईंचे वाक्यावाक्यांमधले सगळे श्वास कापून टाकले होते.

"स्वच्छ वाटतंय," तो म्हणाला.

"मेल्यासारखं वाटतंय! गोष्टीतल्या बाईचा मुलगा घर सोडून चाललाय, आणि ती श्वाससुद्धा घेत नाहीये?"

"श्वास म्हणजे कचरा. पहिल्या वर्षी शिकवतात."

"मग तू पहिल्या वर्षीच राहिलास. मूर्ख आहेस तू!"

मशीनवरची आत्या थांबली. तू... मी त्याला तू म्हटलं होतं.

"मी..."

"नाही, नाही," तो कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत, अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "मूर्ख आहे, ते कळलं. दुसरा शब्द पुन्हा म्हण."

"कुठला?"

"त्याच्या आधीचा... नंतरचा... जो तुझ्या तोंडून चुकून निघाला."

मी म्हटला नाही. पण त्याने सगळे श्वास परत आणले. एकूण एक. आणि संध्याकाळी मी त्याला बसथांब्यापर्यंत सोडायला गेले, जे मी आधी कधी केलं नव्हतं.

रस्त्यावर हॉर्न वाजला. तो उजवीकडे वळला. गाडी डावीकडून येत होती. मी त्याचा दंड धरला. त्याने तो झटकून सोडवला.

"मला रस्ता ओलांडता येतो."

"मला येत नाही," मी म्हटलं आणि हात पुढे केला. "मला ने."

तो बघतच राहिला. गाड्या गेल्या, सिग्नल बदलला, पुन्हा बदलला... मग त्याने माझा हात धरला आणि आम्ही पलीकडे गेलो. बस आली तरी तो सोडेना. ती बस आम्ही जाऊ दिली. त्यानंतरचीही.

बाबांच्या कानावर हे जायला वेळ लागला नाही. बाबांचं चष्म्याचं दुकान, पंचवीस वर्षांचं. जेवताना ते म्हणाले, "मुलगा चांगला असेल. पण एक कान नाही. उद्या दुसरा गेला तर?"

"बाबा, तुम्ही स्वतः चष्म्याशिवाय ताटातली वाटी शोधू शकत नाही. आईने केलंच ना लग्न?"

"डोळ्याचं वेगळं. चष्मा लागतो सगळ्यांनाच."

"सगळ्यांना लागतो म्हणून ते व्यंग नाही, आणि त्याचा एकट्याचा कान गेला म्हणून तो बाद? दिवसभर दुकानात लोकांना सांगता, यात लाजायचं काय असतं. घरी आल्यावर ते वाक्य कुठे काढून ठेवता?"

आई पदर तोंडाला लावून आत गेली. हसायला, हे मला खांद्यांवरून कळलं. बाबा मात्र हसले नाहीत. "वाद घालायला तुला शिकवावं लागत नाही," एवढं बोलून उठले.

आणि नेमकं तेव्हाच साहेबांनी आपला डाव टाकला. या धंद्यात भिंतींनाच माइक लावलेले असतात. माझा जोडीदार एका कानाने बहिरा आहे, हे त्यांनी प्रकाशिकाबाईंना परस्पर कळवलं. मग मला फोन केला. आवाजात साखर.

"दहाही भाग माझ्या स्टुडिओत कर. तुझं नाव लावतो. पहिलं नाव तुझं, मग माझं. फक्त एकटी ये. त्या मास्तरला घेऊन नको. आपल्या कामाचं हसं होईल."

मी विचार करून सांगते म्हटलं आणि ते मास्तरला सांगायची चूक केली. मला वाटलं होतं तो चिडेल, साहेबांना दोन शिव्या घालेल. तो अगदी शांत राहिला.

"जा तू," तो म्हणाला. "याच्यासाठीच तर भांडून बाहेर पडली होतीस."

"आणि तू?"

"माझं बघेन मी."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कन्व्हर्टर माझ्या टेबलावरच होता, आणि त्याखाली त्याच्या अक्षरातली चिठ्ठी: 'हा तुझा. वायर सापडली आहे.' फोन उचलेना. शेवटी ताईने सांगितलं, एका कुरियर कंपनीच्या काउंटरवर लागलाय, पार्सलं तोलतोय.

मी त्या दिवशी दोन फोन केले. पहिला साहेबांना. "माझं नाव तुमच्या नावाशेजारी मला नकोय," म्हटलं आणि ते पुढे बोलायच्या आत ठेवून दिला. दुसरा प्रकाशिकाबाईंना. "ऐकलंय ते खरं आहे. माझ्या जोडीदाराला एकाच कानाने ऐकू येतं. पहिला भाग आम्ही दोघांनी केलाय, तुम्हाला आवडलाय. बाकीचेही आम्ही दोघंच करणार. नाहीतर मी करणार नाही."

बाई सभ्य होत्या. "काम चांगलं आहे तुमचं," म्हणाल्या. "पण नऊ भागांचा धोका मी नाही पत्करू शकत. सॉरी हं." काम साहेबांकडे गेलं.

फोन ठेवल्यावर रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. राग आला, तोही साहेबांचा नाही. चप्पल पायात सरकवली आणि निघाले.

कुरियरच्या दुकानात सात-आठ माणसं रांगेत होती. काउंटरमागे मास्तर, अंगात कंपनीचं ढगळ निळं जॅकेट, समोर वजनकाटा. मीही रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा तो खाली बघूनच म्हणाला, "पार्सल कुठलंय?"

"पार्सल नाही. तक्रार आहे."

त्याने झटकन वर पाहिलं. "तू... तू इथे काय करतेस? साहेबांकडे आज पहिला दिवस असेल ना?"

"मी नाही म्हटलं त्यांना."

"वेडी आहेस का? मग प्रकाशिकाबाईंचं काम?"

"तेही गेलं."

"म्हणजे सगळंच गेलं?"

"सगळं नाही. तू उरलास."

माझ्या मागच्या आजी पुस्तकांचा गठ्ठा सांभाळत एक पाऊल पुढे सरकल्या, ऐकायला.

मास्तरचा चेहरा उतरला होता. "माझ्यामुळे गेलं," तो म्हणाला. "म्हणूनच मी बाजूला झालो होतो. निदान तुझं तरी..."

"कोणी सांगितलं होतं बाजूला व्हायला? माझं सोडायचं काय आणि धरायचं काय, ते मी ठरवणार! साहेबांनी चार वर्षं माझ्या वतीने ठरवलं. बाबा अजून ठरवतायत. आता तूही त्यांच्याच रांगेत जाऊन बसलास? चिठ्ठी लिहून? समोर बसून भांडायला काय झालं होतं तुला?"

"समोर बसलो असतो तर जमलं नसतं जायला."

"मग जायचंच कशाला?"

"अहो, उत्तर द्या की त्यांना," आजी म्हणाल्या. "मलाही पुढे जायचंय."

रांगेत कोणीतरी हसलं. पंखा घरघरत होता, मागे कोणी चिकटपट्टी ओढत होतं, फोन वाजत होते. तेवढ्या गोंगाटात आपला आवाज किती जातोय, याचा त्याला अंदाज राहिला नसावा. कारण तो बोलला ते दुकानाच्या दारापर्यंत पोचलं.

"मला तू आवडतेस! तिसरा हिस्सा कमी करा म्हणालीस ना, तेव्हापासून! बाकी सगळे मला जपत होते. तू एकटीच भांडलीस. मला रोज सकाळी दहाला तुझ्याशी भांडायचंय. म्हातारा होईपर्यंत भांडायचंय. कळलं?"

दुकान चिडीचूप झालं. चिकटपट्टीवालाही थांबला. मास्तरने आजूबाजूला पाहिलं आणि कानशिलापर्यंत लाल झाला.

"फार मोठ्याने बोललो का?"

"बरोबर बोललात," आजींनी निकाल दिला.

मी मान हलवली. एकदा हलवली, मग त्याला दिसली नसेल म्हणून पुन्हा हलवली.

त्याने निळं जॅकेट काढलं, नीट घडी करून काउंटरवर ठेवलं. आधी आजींचं पार्सल तोललं, पावती दिली, मग काउंटरची फळी उचलून बाहेर आला. मागून मॅनेजर ओरडत होता. मास्तरने वळून त्याला नमस्कार केला, अगदी मनापासून, आणि चालू लागला.

बाहेर भुरभुर सुरू झाली होती. दोघांकडेही छत्री नव्हती.

"आता काम कुठून आणायचं?" तो म्हणाला.

"पहिला भाग आपल्याकडे आहे. दारोदार जाऊन ऐकवायचा. कोणीतरी हो म्हणेल."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर त्याच्या शेजारचं दार."

"तुझ्या बाबांचं दार कितवं?"

"पहिलं," मी म्हटलं. "आत्ताच. दुकान उघडं आहे."

केस कपाळाला चिकटले होते, शर्टाची एक बाही दुमडलेली, एक सुटलेली. असल्या अवतारात कोणी मुलीच्या बापाकडे जात नाही. त्याने सुटलेली बाही दुमडायला घेतली, जमेना, तेव्हा हात माझ्यासमोर धरला. मी ती दुमडली. मग तो हात तसाच माझ्यापुढे राहिला... किंचित अवघडून.

"धरू का?" त्याने विचारलं.

"अख्ख्या दुकानाला ओरडून सांगितलंस. आता परवानगी कसली मागतोस?"

आणि त्याने धरायच्या आत मीच धरला.